शेठची फुकटची सेवउसळ

मंडळी, आमचा शेठ आम्हाला फुकट सेवउसळ कधी खाऊ घालतो माहितीये? कामगार विम्याचा इन्स्पेक्टर येणार असतो तेव्हा. ज्यांचा विमा शेठने काढलेलाच नाही, त्यांना तेवढा वेळ कारखान्याबाहेर काढायचं असतं.

मागे आमच्यातल्याच सरिताबेनचा हात मशीनमध्ये सापडला, तेव्हा शेठ तिला म्हणाला, "दवाखान्यात घरी लागलं म्हणून सांग."

आज पुन्हा सेवउसळीचा आग्रह झाला. मी जागची हलले नाही.

इन्स्पेक्टर आत आला, त्याने माझ्याकडे बघितलं. शेठ घाईघाईने म्हणाला, "आ बेन तो महेमान छे."

मी म्हटलं, "पाहुणी चार वर्षं पॅकिंग करतेय."

मालकाने विम्यात नोंदणी केली नाही म्हणून आपला हक्क बुडत नाही. कामगार विम्याच्या कार्यालयात तक्रार आपणही करू शकतो.

तुमच्या शेठला तुमचा पुळका नेमका कधी येतो, बघितलंय?