घंटेचं एक मिनिट

मुलीच्या प्रवेशाचा फॉर्म घेऊन ती आणि मी माझ्या जुन्या मिशन कॉलेजात गेलो होतो. ऑफिसबाहेरच्या बाकावर चहा पीत होतो, तेवढ्यात चॅपलची घंटा झाली आणि मी कपासकट ताडकन उभा राहिलो, डोळे मिटून. आमच्या वेळी घंटा वाजली की जो जिथे असेल तिथे मिनिटभर असा उभा राहायचा. प्रयोगशाळेत परीक्षानळी हातात, कँटीनमध्ये वडा हातात.

डोळे उघडले तेव्हा माझ्या जागेवर दोन मुली बसल्या होत्या.

"बाबा, काय हे! सगळे बघतायत," मुलगी पुटपुटली.

आधीच तिला हे कॉलेज फार लहान वाटत होतं, आणि तिने इथेच शिकावं म्हणून मी झुरत होतो. मी सायन्सचा, पण इथल्या नियमाने एक वर्ष तत्त्वज्ञानही शिकलो. त्यातलं आता काही आठवत नाही. ते मिनिट मात्र अंगात राहिलंय.

"बाबा, त्या बघा," मुलगी हळूच म्हणाली. व्हरांड्याच्या टोकाला पांढऱ्या केसांच्या एक प्राध्यापिका हजेरीपट छातीशी धरून, अजूनही डोळे मिटून उभ्या होत्या. त्यांनी डोळे उघडेपर्यंत मुलगी बघत राहिली. मग फॉर्म मांडीवर घेऊन तिने माझ्याकडे पेन मागितलं.

घरी हे सगळं मी रंगवून सांगितलं. बायको माझ्याच वर्गातली. ती म्हणाली, "आज मिटलेत होय डोळे? तेव्हा एकदाही मिटले नव्हतेत. आणि मला कसं ठाऊक, ते मुलीसमोर विचारू नका."