चपला काढून गाडीत चढलेला माणूस

आम्ही नवरा-बायकोने एका जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरचं फिरतं घर करून घेतलंय आणि ते लोकांना दाखवायची मला भारी हौस. मुरुडला जाताना वडखळजवळच्या ट्रकतळावर मुक्कामाला थांबलो. शेजारच्या ट्रकचा साठीचा ड्रायव्हर आमच्या गाडीकडे टक लावून बघत होता. मी दार उघडलं, दरबारी थाटात कमरेत वाकलो आणि म्हणालो, "यावं महाराज, राजवाडा बघावा."

त्याने चपला खाली काढल्या, मग वर चढला. असं आजवर कुणी केलं नव्हतं. पलंग, शेगडी, पाण्याची टाकी या माझ्या खास वस्तूंवरून त्याने नुसती नजर फिरवली. संडासाचं दार मात्र दोनदा उघडून लावलं. आतली कडीही सरकवून पाहिली.

"वहिनी हितंच जातात?" त्याने संकोचत विचारलं.

"मग! हे नसतं तर ती घरातून हललीच नसती," मी म्हणालो.

तो हसला नाही. "माझी बायको पस्तीस वर्सं बोलत होती, मला पन एकदा गाडीवर न्या. पन ट्रकतळावर बाईमाणसानं जायचं कुठं? म्हणून कधी न्हाय नेली. आता ती खाटंवरून उठत न्हाय."

तिला दाखवायला म्हणून त्याने मोबाइलवर त्या एवढ्याशा खोलीचा फोटो काढला. मग पायरीवर बसून बराच वेळ तो फोटो बघत राहिला.

"नको," तो शेवटी म्हणाला. "बघून बोलंल, आता तरी न्या."

आणि त्याने फोटो डिलीट केला.