माझ्या हातांना न पेललेली इरा

सकाळच्या मीटिंगमध्ये असतानाच ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडहून ताईचा फोन आला. "गेली गं इरा," एवढंच म्हणाली. मी लॅपटॉपचा कॅमेरा बंद केला. पलीकडे कोणीतरी डेडलाइन विचारत होतं आणि मी, दुसरं काही न सुचून, त्याचं उत्तरही दिलं... याला आता सहा आठवडे झाले.

इरा माझी भाची, ताईची मुलगी. वर्तमानपत्रांनी तिला थोर बॅलेरिना म्हटलं. आमच्याकडे ती पंधराव्या वर्षी दोन बॅगा घेऊन आली होती. त्याआधी ह्यूस्टनच्या उकाड्यात भाऊजींनी तिला सात वर्षं तासभर ड्राइव्ह करून क्लासला नेलं होतं. न्यूयॉर्कच्या बॅले स्कूलमध्ये निवड झाली, तेव्हा जर्सी सिटीतल्या आमच्या घरी तिची सोय केली. संध्याकाळी ट्रेनने परत येऊन बूट काढायची, तेव्हा मोजे रक्ताने बोटांना चिकटलेले असायचे. कोमट पाण्यात पाय बुडवून मी ते हळूहळू सोडवायचे. एकदा न राहवून म्हटलं, "सोड गं हे. एवढं दुखतं तर कशाला?" ती पाण्याकडे बघत म्हणाली, "दुखू दे, मावशी. पाय माझं ऐकतो ना, बस."

दहा वर्षांनी तिच्या पहिल्या मुख्य भूमिकेला आम्ही सगळे गेलो. मला बॅलेतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ती एका पायाच्या बोटांवर उभी राहिली, दुसरा पाय सावकाश वर नेला आणि तिथेच थांबली... अख्खं थिएटर श्वास रोखून होतं. भाऊजी तेवढे मान खाली घालून बसले होते. ती पडेल या भीतीने त्यांनी तिचं नृत्य कधी सलग पाहिलंच नाही.

चौतिसाव्या वर्षी तालमीत तिचं डावं पाऊल फरफटू लागलं. साधी दुखापत असेल म्हणून तिने विश्रांती घेतली. पण डॉक्टर म्हणाले, मज्जातंतू स्नायूंपर्यंत निरोप पोचवेनासे झाले आहेत, आणि यावर इलाज नाही. ती पुन्हा आमच्याकडे, त्याच खोलीत आली. दिवसभर मी लोकांच्या बंद पडलेल्या सिस्टिम्स चालू करून देते. संध्याकाळी तिला चमच्याने पाणी पाजायचे.

एका रविवारी जड जिभेने ती म्हणाली, "मावशी, माझा पाय उचल. बाजूला. अजून वर. गुडघा वाकू देऊ नकोस... आता होल्ड कर." मी दोन्ही हातांनी पाय धरला. डोळे मिटून ती ओठांतल्या ओठांत मोजत होती. पाय काडीसारखा हलका झाला होता, तरी माझे हात भरून आले आणि मी तो खाली ठेवला.

"सॉरी बाळा, नाही जमलं."

"सोळा हवे होते," ती म्हणाली. "इट्स ओके. अकरा झाले."

पुन्हा करू या का, असं मी विचारलं. तिने नजर खिडकीकडे वळवली. पुढच्याच आठवड्यात ताई तिला शुगर लँडला घेऊन गेली.

आमच्या ओव्हनचं हँडल सैल आहे. चहा उकळेपर्यंत ते धरून टाचा वर-खाली करायची इराची सवय. नाव झाल्यावरही, घरी आली की हेच. श्रीकांत, माझा नवरा, दर वेळी कुरकुरत स्क्रू आवळायचा. परवा त्याने स्क्रू-ड्रायव्हर काढला. मी म्हटलं, "राहू दे." त्याने तो परत ड्रॉवरमध्ये ठेवला. हल्ली मी ओव्हनचं दार हँडलला हात न लावता, कडेला बोटं घालून उघडते.