खांद्यातली कळ

दुर्बिणीनं पित्ताशय काढून मला वॉर्डात आणलं. पोटावर चार छोट्या पट्ट्या होत्या आणि दुखत होता उजवा खांदा. काहीतरी चुकलंय, या धास्तीनं मी सिस्टरना दोनदा बोलावलं.

“दुर्बीण फिरायला जागा व्हावी म्हणून पोटात गॅस भरतात, दादा. उरलेला गॅस खांद्याला कळ देतो. जाईल हळूहळू.” सातवीतून शाळा सोडलेल्या मला त्यांनी दोन्ही वेळा न चिडता समजावलं, हेच केवढं.

तरी डोळा लागेना. दुखणं एकीकडं आणि कळ भलतीकडं, हे परमुलखात माझं नेहमीचंच. घरची आठवण आली की मी मेसच्या आमटीला नावं ठेवतो.

आईचा फोन आला. तिला ऑपरेशनचं कळवलं नव्हतं.

“आवाज का असा?”

“खांदा दुखतोय गं.”

“खांद्याचं राहू दे. काय झालंय ते सांग.”