सहाणेजवळ अडलेली गाडी

थंडीत आमचा जुना ट्रक सहजी चालू होत नाही, हे अख्ख्या वाडीला ठाऊक आहे. म्हणून मी तो उतारावर लावतो. सकाळी ब्रेक सोडला की घरंगळत जातो आणि गियरमध्ये पकडतो. पण त्या दिवशी मिरकरवाडा बंदरावरची मासळी घाटावर पोचवून परतलो, तेव्हा अंगात त्राण नव्हतं. देवळापुढच्या सपाटीवर, शिमग्याची पालखी बसते त्या सहाणेजवळ गाडी सोडली आणि घरी जाऊन पडलो. पहाटे आईनं हलवून उठवलं. बाबांना दम लागला होता. दमा जुना, पण त्यांचे ओठ असे निळे पडलेले मी कधी पाहिले नव्हते. अँब्युलन्स दुसरीकडे गेली होती. देवरूखच्या डॉक्टरांपर्यंत पोचायला वाडीत आमचा ट्रक तेवढा होता.

बाबांना शाल गुंडाळून केबिनमध्ये बसवलं आणि चावी फिरवली. स्टार्टर कण्हला, इंजिन जेमतेम अर्धा फेरा घेऊन थांबलं. पुन्हा तेच. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला, तीही विज्ञानाची. त्याचा मला अभिमान आहे आणि मी तो लपवत नाही. डोकं शांत ठेवून एकेक गोष्ट तपासली. दिवे लखलखीत, म्हणजे बॅटरीत जीव होता. तिची टोकं आईनं आणलेल्या गरम पाण्यानं धुतली. डिझेलच्या नळीतली हवा काढली. तरी काही नाही. ढकलावं तर तरणे हात सगळे मुंबईला. मी चावी फिरवत राहिलो.

"ऱ्हाऊं दे रे जरा," बाबा म्हणाले. "थकलास." ज्याला श्वास पुरत नव्हता, तो माझी काळजी करत होता.

एवढ्यात सकाळच्या पूजेला गुरवकाका आले. "काय रे, देवाकडं यायला गाडीच बंद पडावी लागते काय तुझी?" त्यांनी टोमणा मारला. मग त्यांची नजर केबिनमध्ये गेली. हातातली कळशी खाली ठेवून, देवाकडं तोंड करून त्यांनी गाऱ्हाणं घातलं. "बा म्हाराजा, ह्या लेकराची वाट आडली असंल ती मोकळी कर रे म्हाराजा."

गाऱ्हाण्याला जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं असतं. आई बाबांची पाठ चोळण्यात गुंतलेली. मी हातात पाना घेऊन उभा. मला वेळ जातोय एवढंच दिसत होतं. जबाब आला तो केबिनमधून, बाबांच्या तुटक्या आवाजात. गुरवकाकांनी पुन्हा म्हटलं तेव्हा बाबांचं ‘व्हय’ निघालं आणि पुढं श्वास संपला. उरलेला शब्द मी म्हटला. म्हणता म्हणता पाना खाली ठेवला. कॉलेजात गेल्यापासून मी देवळासमोर उभ्यानंच हात जोडत आलोय. त्या दिवशी आडवा झालो, गाल थंडगार जमिनीला टेकला आणि उठावंसं वाटेना. आता काही करायचं उरलं नाही, तू बघ, एवढंच मनात होतं.

उजाडलं होतं. पडल्या पडल्या गाडीच्या पोटाखालचं दिसत होतं. चासीचा सांगाडा दवानं भिजलेला, लोखंडावर थेंब लोंबत होते. फक्त एक बोल्ट आणि त्याच्या भोवतीचं बोटभर लोखंड कोरडं होतं. बॅटरीची अर्थिंगची, म्हणजे वीज चासीतून परत नेणारी, केबल तिथंच आवळलेली. तिथं दव वाळलं म्हणजे ती जागा तापली होती. वीज तिथं अडत होती. बंदरावर गोडं पाणी पुरत नाही, म्हणून आम्ही सगळेच गाड्या समुद्राच्या पाण्यानं धुतो. त्या मिठानं जोड आतून खाल्ला होता. एरवी कसंबसं चालायचं; थंडीत घट्ट झालेलं इंजिन फिरवायला तेवढी वीज पुरेना.

बोल्ट सोडला, सुरीनं गंज खरवडला, पुन्हा आवळला. चावी फिरवली आणि इंजिन चालू झालं. "बघतोस काय, जा," गुरवकाका म्हणाले.

देवरूखला डॉक्टरांनी बाबांना लगेच ऑक्सिजन लावला. दुपारपर्यंत ओठांवर रंग आला. मी बाकावर बसून होतो, काळ्या हातांनी, धुवायलाही उठवत नव्हतं.

हा चमत्कार होता का, असं लोक विचारतात. मी वाद घालत नाही. गंज मिठानं चढला, खरवडला मी. पण ताठ मानेनं उभा असतो तर तो बोल्ट मला दिसला नसता. मला खाली कुणी निजवलं, ते मी मनात जाणतो, आणि रोज त्याचे उपकार मानतो.