बर्लिनची मॅच, पाचवी पकड आणि माझी एक आरोळी

साईचा मेसेज आला तेव्हा मी जर्मनीत, नेकारसुल्मच्या घरी बाल्कनीत सायकलच्या चेनला तेल देत होतो. "पापा, रविवारी बर्लिनमध्ये तुझ्या त्या खेळाची मॅच आहे. रग्बी लीग. येतोस?" साई माझी मुलगी, वय बावीस, बर्लिनला पर्यावरण तंत्रज्ञान शिकते. तिला मराठी सगळं समजतं, पण गेली अकरा वर्षं ती उत्तर देते ते जर्मनमध्येच. पुढे तिचं बोलणं मराठीत दिलंय, ते भाषांतर माझं.

"तुझा तो खेळ" म्हणजे काय ते आधी सांगतो. चार वर्षांपूर्वी सायकलवरून पडून पाय मोडला, सहा आठवडे घरी बसलो. तेव्हा इंटरनेटवर ऑस्ट्रेलियातली एक मॅच दिसली आणि मी प्लास्टरसकट उठून बसलो. ही तर चेंडू घेतलेली कबड्डी! मी इस्लामपूरला चोविसाव्या वर्षापर्यंत कबड्डी खेळलो, नंतर पंचगिरी केली. शिक्षण आयटीआय फिटर. जर्मन भाषा स्वतः शिकलो, कारखान्यातलं मोजमापाचं मशीन स्वतः शिकलो, तसा हा खेळही स्वतः शिकलो. अख्खी नियमावली छापून वाचली आणि तिचा सारांश एका पानावर लॅमिनेट केला.

रग्बी दोन प्रकारची असते, हे आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे. पंधरा जणांची जगभर चालते. तेरा जणांची, म्हणजे लीग, ही उत्तर इंग्लंडच्या गिरणी आणि खाण कामगारांची. यात एका संघाला सहा पकडींपर्यंत चेंडू ठेवता येतो, मग तो समोरच्यांना मिळतो. पकड पुरी झाली की पंच "हेल्ड!" ओरडतो. त्या क्षणी पकडणाऱ्याने हात सोडायचा, म्हणजे पडलेला खेळाडू उठून पायाने चेंडू मागे सरकवतो. सोडायला उशीर केलात तर दंड, आणि समोरच्यांना नव्याने सहा पकडी. कबड्डीत पकडलेला सुटला की तुम्ही मेलात. इथे सोडला नाहीत की मेलात. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

निघताना वैशालीने, म्हणजे बायकोने, धपाट्यांचा डबा दिला. "अहो, एक ऐका. नुसतं बघून या. कुणाला शिकवू नका."

"तिथे मी कुणाला शिकवणार?"

तिने लोणच्याच्या डबीचं झाकण पुन्हा एकदा घट्ट केलं.

शनिवारी सकाळी ६.४० ला निघालो. माझ्याकडे डॉइचलांडटिकेट, म्हणजे देशभरातल्या साध्या गाड्यांचा महिन्याचा पास आहे, त्यामुळे मानहाइमपर्यंतच्या गाडीला आणि बर्लिनच्या उ-बानला, म्हणजे मेट्रोला, वेगळा खर्च नाही. मानहाइमहून बर्लिनपर्यंत वेगवान गाडी. सहा आठवडे आधी तिकीट काढलं असतं तर स्वस्त पडलं असतं, मी तीन दिवस आधी काढलं, ७९ युरो ९० सेंट गेले. पहिला धक्का इथेच बसला: गाडी मिनिटाला मिनिट वेळेवर आली. फलाटावरच्या बाई घड्याळ बघून म्हणाल्या, "काहीतरी चुकलंय." नऊ वर्षांपासून आरक्षणाच्या सीटवर बसायची शिस्त पाळणारा मी, इतका गोंधळलो की शेजारच्या डब्यात चढलो.

बर्लिनला उतरून उ-७ ने ब्रिट्झ-स्यूड. तिथून मैदान चालत चौदा मिनिटं. साईने नऊ सांगितली होती. वाटेत डोनर, म्हणजे पावात भरलेलं भाजलेलं मांस, घेतलं, साडेसात युरो, कांदा भरपूर.

मैदान बघून मी फाटकातच थांबलो. माझ्या डोक्यात ऑस्ट्रेलियातलं स्टेडियम होतं. समोर होतं फुटबॉलचं गवत, त्यावर हॉकीच्या जुन्या रेषा, आणि फुटबॉलच्या गोलांना पट्ट्यांनी बांधून उभे केलेले पाण्याच्या पाइपचे खांब! रुंदी मी पावलांनी मोजली. नियमात अडुसष्ट मीटर, इथे जेमतेम एकसष्ट. प्रेक्षागृह नाही. एक कचऱ्याचा डबा आणि तीन बाक.

मैदानावर मुली सराव करत होत्या. त्यातली एक दुसरीच्या मांडीला खांदा लावून तिला उचलून जमिनीवर ठेवत होती. मनात म्हटलं, वा, काय सुंदर पकड! मग त्या मुलीने तोंडातला दातांचा गार्ड काढला आणि हसली.

साई.

कोपराला पट्टी, गुडघ्याला माती, पाठीवर नऊ नंबर. जिला लहानपणी पोहण्याच्या वर्गाला पाठवताना मी कानात कापूस घालायचो ती माझी मुलगी.

"तू खेळतेस?" एवढंच तोंडातून निघालं.

"गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर. "दोन वर्षं झाली," ती म्हणाली. "पापा, प्लीज. नूर गुकन." नुसतं बघ.

बाजूला येऊन मी वैशालीला फोन लावला. "कळलं का शेवटी?" ती म्हणाली. म्हणजे तिलाही माहीत होतं! बूटसुद्धा तिनेच घेऊन दिले होते.

"दोन वर्षं? मी रागावलो असतो असं वाटलं काय तुम्हाला?"

"छे हो, रागावाल म्हणून नाही," ती म्हणाली. "तुम्ही शिकवायला लागाल म्हणून."

मी फोन ठेवला. मैदानाची लांबी मोजायची राहिली होती, ती मोजावीशी वाटेना.

प्रशिक्षक कीथ, वय साठीच्या पुढचं, यॉर्कशायरचा निवृत्त इलेक्ट्रिशियन, बायको बर्लिनची. थर्मासमधला दूध घातलेला चहा त्याने मला दिला. त्याच्या पणजोबांच्या काळात गिरणीत शनिवारीही काम असायचं. मॅच खेळायची तर तेवढी मजुरी बुडायची. कामगार म्हणाले, बुडालेली मजुरी द्या. पैसेवाले साहेब म्हणाले, पैसे घेऊन खेळणं हे सभ्य माणसाचं लक्षण नव्हे. त्यावरून १८९५ साली खेळ दुभंगला तो कायमचा. शिफ्टमध्ये उभं राहून तीस वर्षं काढलेल्या मला हे कुठल्याही नियमावलीपेक्षा नीट कळलं.

"आणि इथे जर्मनीत भविष्य काय?" मी विचारलं.

"भविष्य माझ्या गाडीच्या डिकीत मावतं," कीथ म्हणाला. "चौदा जर्सी, सहा चेंडू आणि चार पाइप."

उद्याची मॅच नेदरलँड्सच्या पाहुण्या संघाशी होती. कीथच्या गावच्या जुन्या क्लबने येत्या उन्हाळ्यात एकाच परदेशी महिला संघाला बोलावलं होतं. जो जिंकेल तो इंग्लंडला जाणार, जिथे हा खेळ जन्मला तिथे. साईसाठी ही एकच संधी. ऑक्टोबरपासून तिचं प्रॅक्टिकल सेमिस्टर लुडविग्सहाफेनच्या केमिकल कारखान्यात, आणि तिथे असा संघ नाही.

संध्याकाळभर मी तोंड बंद ठेवलं. पाणी भरलं, चेंडू आणून दिले. साईने दोनदा संशयाने वळून पाहिलं. खोली न्यूकोल्न भागात, एका पेन्सिऑनमध्ये, म्हणजे साध्या लॉजमध्ये, अडुसष्ट युरो, नाश्ता नाही. जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, रविवारी दुकानं बंद. पाव शनिवारीच घेऊन ठेवा.

रविवारी अकराला मॅच. आणि पुन्हा धक्का. आमच्या दोघी आजारी, एकीची परीक्षा, म्हणून बर्लिनकडे अकराच मुली! माझ्या हिशोबाने मॅच रद्द व्हायला हवी. डच कर्णधार शांतपणे आपल्या दोघींना म्हणाली, बसा. दोन मिनिटांत ठरलं: अकरा विरुद्ध अकरा, पंचवीस मिनिटांचे दोन भाग. मी लॅमिनेट केलेलं पान काढलं, कीथने ते वाचलं, छान आहे म्हणाला आणि परत दिलं.

प्रेक्षक एकोणीस, मी मोजले. त्यातले चार कुत्रे. डाक्सहुंड, म्हणजे आखूड पायांचा लांबुडका कुत्रा, घेऊन आलेले एक आजोबा माझ्याशेजारी येऊन उभे राहिले.

"हे अमेरिकन फुटबॉल का?"

मला बोलायला माणूस मिळाला. मी त्यांना सगळं समजावलं. "आल्झो, तर मुख्य गोष्ट ही की पकडल्यावर लगेच सोडायचं. पकडणं कुणालाही जमतं. सोडणं शिकावं लागतं."

आजोबांनी मान हलवली. "लग्नाच्या अगदी उलट," ते म्हणाले. कुत्रा बसला.

मॅच काय झाली म्हणून सांगू! टीव्हीवर आवाज येत नाही. इथे खांद्यावर खांदा आदळला की ओलं पोतं फरशीवर टाकल्यासारखा आवाज येतो, आणि तो आवाज आपल्या मुलीचा असतो. प्रत्येक वेळी माझे डोळे मिटायचे आणि उघडेपर्यंत साई उठून रांगेत उभी असायची. मध्यंतराला आमचे १०, त्यांचे १२. मग आमच्या मुलींनी आणखी एक ट्राय केला, म्हणजे गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवला, चार गुण; वरची दोन गुणांची किकही गेली, १६-१२. मी अजूनही गप्प. स्वतःचाच अभिमान वाटत होता.

शेवटचं दीड मिनिट. चेंडू डच संघाकडे. चौथी पकड झाली. त्यांची चौदा नंबरची उंच मुलगी कडेने सुटली, सरळ माझ्या दिशेने. समोर फक्त साई. साई खाली गेली आणि दोन्ही हातांनी तिचा उजवा घोटा धरला.

ती घोट्याची पकड मी ओळखली. साई आठ वर्षांची असताना दिवाणखान्याच्या गालिच्यावर मीच शिकवली होती. अंगठा आत, कपाळ नडगीला, आणि काही झालं तरी...

"सोडू नकोस!" मी ओरडलो. "साई, सोडू नकोस! धरून ठेव!"

चौदा नंबर पडली. पंच ओरडला, "हेल्ड!" पाचवी पकड. त्यांच्याकडे आता एकच उरली होती. आणि साई सोडेना. एक सेकंद. दोन सेकंद. मी अजून ओरडत होतो. माझं तोंड इस्लामपूरच्या मैदानात होतं.

शिट्टी. दंड. नव्याने सहा पकडी, गोलरेषेपासून आठ मीटरवर. दुसऱ्याच पकडीनंतर डच मुलीने खांबांच्या मधोमध चेंडू टेकवला. १६-१६. समोरून किक, ती कोण चुकवणार? १६-१८. संपलं.

आजोबा माझ्याकडे बघत होते. "तुम्ही तिला काय सांगितलंत?" त्यांनी विचारलं.

मुली गोल करून बसल्या. एक रडत होती. कीथने साईला विचारलं, "कडेवरून तुझे वडील काय ओरडत होते?"

साई बुटाची नाडी सोडत म्हणाली, "काही नाही. शाब्बास म्हणत होते."

त्या मैदानावर मराठी समजणारे आम्ही दोघंच. मी गप्प राहिलो असतो तर कुणालाही कधीही कळलं नसतं. पण मोजमापात चूक दिसल्यावर शिक्का मारून पुढे ढकलणं मला आजवर जमलेलं नाही. मी त्या गोलात गेलो आणि माझ्या स्वतः शिकलेल्या जर्मनमध्ये सांगितलं, "ती चूक तिची नाही. मी तिला सोडू नकोस म्हणालो. नियम मला माहीत होता. तासाभरापूर्वीच मी तो या गृहस्थांना शिकवला."

"श्टिम्ट," मागून आजोबांचा आवाज आला. खरं आहे.

मग रडणारी मुलगी, योहाना, संघाची कर्णधार, हिने नाक पुसलं. उठून एक मोठी निळी पिशवी माझ्या पायाशी आणून ठेवली. यांच्यात रिवाज आहे: ज्याच्यामुळे मॅच जाते तो सगळ्यांच्या जर्सी धुतो. आजवर प्रेक्षकाला तो मान मिळाला नव्हता.

"चाळीस अंशावर," योहाना म्हणाली. "सॉफ्टनर घालायचा नाही."

साई मला स्टेशनपर्यंत सोडायला आली. नऊ मिनिटांत पोचलो, तिच्या पायांनी नऊच लागतात. वाटेत मी विचारलं, "तुला पंचाचं हेल्ड ऐकू आलं नव्हतं का?"

"आलं होतं."

"मग सोडलं का नाहीस?"

तिने खांदे उडवले. "तू सांगितलंस ना."

सहाव्या इयत्तेपासून माझं एक वाक्य न ऐकणारी ही मुलगी! जिन्याच्या तोंडाशी मी तसाच उभा राहिलो. ती म्हणाली, "पापा, गाडी," आणि पिशवीचा पट्टा माझ्या खांद्यावर सरळ केला.

परतीच्या प्रवासात पिशवीच्या वासाने शेजारची सीट मानहाइमपर्यंत रिकामी राहिली. घरी पोचलो तेव्हा रविवारच, म्हणजे इमारतीच्या नियमाने मशीन लावता येत नाही. वैशालीने पिशवीत डोकावलं, मग माझ्याकडे पाहिलं. "शिकवलंत ना?"

"एकच वाक्य," मी म्हणालो.

सोमवारी शिफ्टनंतर तळघरात अकरा जर्सी धुतल्या. चाळीस अंश, सॉफ्टनर नाही. दोरीवर नंबरांच्या क्रमाने वाळत घातल्या. साईला लिहिलं, पार्सल करतो, साडेदहा युरो पडतील. ताबडतोब उत्तर आलं: "पार्सल नको. पुढच्या शनिवारी सराव आहे, घेऊन ये. खांबांच्या मागे उभं राहायचं. कडेला नाही."

तिकीट काढलंय. लॅमिनेट केलेलं पान घरी ठेवणार आहे.

नऊ नंबरच्या जर्सीच्या डाव्या बाहीवर, कोपराजवळ, गवताचा हिरवा डाग आहे. ती पकड करताना तिथेच घासलं असणार. मी तो आठवण म्हणून ठेवला असं लिहिणार होतो. खरं म्हणजे तीन वेळा धुतला, चौथ्यांदा धुवायला घेतला, तेव्हा वैशाली मागून म्हणाली, "अहो, सोडा आता."

सोडला.