एकावर एक

आमच्या जळगावच्या गल्लीतल्या दुकानात ‘एकावर एक मोफत’ची पाटी लागली, की त्या अक्का हमखास दिसतात. नाव मी कधी विचारलं नाही. लोणच्याच्या दोन बरण्या उचलतात, त्यांवरची तारीख डोळ्यांजवळ नेऊन वाचतात आणि मग आजूबाजूला माणूस शोधतात. “मना घरमा मी एकली शे. एक तुम्ही ल्या, पैसा अर्धा अर्धा.” भरताची वांगीसुद्धा त्या अशीच कुणाला तरी जोडीला धरून घेतात.

पहिल्यांदा मला धरलं तेव्हा मी वैतागलो होतो. बायको गेल्यापासून कुणाशी बोलणंच नको वाटायचं. पण लोणचं संपलं, आणि पुढची बरणी घ्यायला मी त्यांचीच वाट बघू लागलो.

परवा मी दुकानात शिरलो, तर त्या चहाचे दोन पुडे परत फळीवर ठेवत होत्या. दुसरं गिऱ्हाईक नव्हतं.

“दोन्ही घ्या की अक्का, चहा टिकतो,” दुकानदार म्हणाला.

“टिकस. पन दुसरा कोनले देऊ?”

“एक माझा,” मी दारातूनच म्हणालो.

मी चहा पीत नाही. आता घरी कुणाला तरी बोलवायला हवं.